चौथी बुडी

लख्खबाईंचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, पण ते घ्यायची वेळ कुणावर येत नसे. रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, जिन्याखालून वळून जावं लागे अशा पॅथॉलॉजीच्या खोलीत त्या चोवीस वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या काचा रंगवत होत्या. बाईंची काच कशी असते, असं कुणालाही विचारा; उत्तर एकच यायचं, लख्ख. पुढे तेच नाव पडलं. त्यांना ते आवडत नाही असं त्या म्हणत, पण कुणी चुकून खऱ्या नावाने हाक मारली तर ओ द्यायला त्यांना वेळ लागायचा.

बसणं हा प्रकार बाईंना माहीतच नव्हता. पायाला भिंगरी आणि हाताला चाळा. चहा उभ्याने, जेवण अर्धं उभ्याने. घराबाहेर पडताना कुलूप ओढून बघायचं, चार पायऱ्या उतरायच्या, परत वर जाऊन ओढून बघायचं. "एक दिवस ते कुलूपच तुला हात जोडेल," असं त्यांचा नवरा म्हणे. बाई एका जागी स्थिर व्हायच्या त्या फक्त मायक्रोटोमपुढे. माणसाच्या अंगातला तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवलेला असतो. यंत्राचं चाक फिरवलं की पातं त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ काप काढतं. ते काप कोमट पाण्यावर तरंगू द्यायचे आणि श्वास रोखून काचेवर उचलून घ्यायचे. त्या दोन मिनिटांत बाईंचा हात देव्हाऱ्यातल्या समईसारखा निश्चल असे. काच सुकत ठेवली की पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

मग रंग. रंग चढला की जास्तीचा रंग काढायला आणि पाणी घालवायला अल्कोहोलच्या तीन बरण्यांतून काच बुडवून काढायची, असा खोलीचा रिवाज. अकरा वर्षांपूर्वी जुन्या सरांनी एक काच "धुरकट आहे" म्हणून परत पाठवली. एकच काच, एकच शब्द. पण तो बाईंच्या मनाला असा झोंबला की दुसऱ्या दिवशी त्यांनी चौथी बरणी मांडली. ताज्या अल्कोहोलची. त्यात काच सोडायची आणि मनात वीस अंक मोजायचे. त्यानंतर सरांकडून काच कधी परत आली नाही. निवृत्त होताना सर भाषणात म्हणाले, "बाईंच्या काचेत आरसा दिसतो." बाईंनी ते वाक्य जपून ठेवलं होतं.

घरी त्या थोरल्या. वरच्या मजल्यावर त्या आणि नवरा, खाली धाकटे दीर, त्यांची बायको आणि सासूबाई. स्वयंपाक सगळ्यांचा एक. दिराच्या बायकोला सगळे धाकटी म्हणत. ही धाकटी म्हणजे सहा वर्षं घराच्या डोक्याला झालेला ताप. बरी हसतखेळत असायची आणि एकाएकी तोंड, मान, छाती लालबुंद. अंगाला खाज, पोटात मुरडा, छातीत धडधड आणि कधीकधी सरळ जमिनीवर. गरम पाण्याने आंघोळ केली की व्हायचं, रागावली की व्हायचं, डोकं दुखतं म्हणून गोळी घेतली की हमखास व्हायचं. डॉक्टरांचे उंबरे झिजवून झाले. एक म्हणाला नसा, एक म्हणाला ॲसिडिटी, तिसरा म्हणाला मन रमवा.

"मन रमवायला? हिला इथे काय खडी फोडावी लागते?" सासूबाई म्हणायच्या.

लख्खबाई तोंडावर बोलत नसत, पण नवऱ्याजवळ बोलून घेत. "चक्कर बरोबर भांड्यांच्या वेळेलाच येते हो. आमच्या नशिबी मेली कधी चक्करसुद्धा नाही." धाकटीच्या मांड्यांवर तांबूस डाग होते, मोठ्या तिळांसारखे. एकदा तिने वर येऊन साडी गुडघ्यावर सारून दाखवलं, "ताई, बघा ना, हा डाग चोळला की फुगतो." बाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. वर न बघताच त्या म्हणाल्या, "चोळशील तर फुगेलच."

दोन वर्षांपूर्वी एका त्वचेच्या डॉक्टरला शंका आली, कातडीत मास्ट सेल नावाच्या पेशी वाढल्या असाव्यात. त्याने एका डागाचा तुकडा काढून खास रंगासाठी पाठवला, आणि तो आला नेमका बाईंच्याच टेबलावर. धाकटीचं नाव बघून त्यांनी जास्तच जीव लावून काम केलं. काप मन लावून घेतला, टोलुइडीन ब्लू हा तो खास निळा रंग गाळून घेतला, आणि चौथ्या बरणीत वीसच्या ऐवजी चाळीस मोजले. काच आरशासारखी निघाली. सरांनी बघून लिहिलं, 'मास्ट सेल एकही आढळली नाही.' अहवाल बाईंनी स्वतःच घरी आणला आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवला. शेवटचं वाक्य तर दोनदा वाचलं. दीर म्हणाले, "चला, सुटलो." सासूबाईंनी फक्त धाकटीकडे पाहिलं. त्यानंतर धाकटीने तक्रार करणं सोडलं. लाल झाली की ती न्हाणीघरात जाऊन कडी लावून बसायची आणि वीस मिनिटांनी तोंड धुऊन बाहेर यायची. घर शांत झालं. औषध लागू पडलं असंच सगळ्यांना वाटलं.

आता सर जाऊन त्यांच्या जागी नव्या मॅडम आल्या होत्या. चौतिशीच्या, चष्मा डोक्यावर चढवणाऱ्या, आणि प्रत्येक गोष्टीला "का?" विचारणाऱ्या. बाईंना त्या पहिल्या दिवसापासून खुपत होत्या. त्या मंगळवारी मॅडमनी कुणा तिऱ्हाइताच्या कातडीचा तुकडा त्याच निळ्या रंगासाठी दिला. बाईंनी काच करून पुढे ठेवली. मॅडम बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसल्या.

"बाई, कंट्रोल कुठाय?"

कंट्रोल म्हणजे ज्यात ती पेशी नक्की आहे असा तुकडा. रंग बरोबर चढलाय ना याची साक्ष द्यायला तो सोबत ठेवायचा असतो. बाईंनी कपाटातून पेटी काढली आणि एक जुनी काच तत्परतेने पुढे केली.

"ही कधी रंगवलेली?"

"झाली की... बारा वर्षं. पण रंग बघा, अजून कसा टिकलाय!"

"बाई, बारा वर्षांपूर्वीचा साक्षीदार आजच्या गुन्ह्याला काय कामाचा?" मॅडम हसल्या. "कंट्रोल त्याच दिवशी, त्याच रॅकमध्ये, त्याच बरण्यांतून जायला हवा. आणि मला एक सांगा, निरोगी कातडीतसुद्धा मास्ट सेल चार-दोन असतातच. तुमच्या ह्या काचेत एकही नाही. एकही नाही म्हणजे पेशी नाहीत असं नव्हे. रंग नाही, असं."

बाईंची कानशिलं तापली. काल आलेली पोर, आणि मला रंग शिकवणार! पण 'एकही नाही' हे दोन शब्द मात्र डोक्यात कुठेतरी खिळ्यासारखे अडकले. त्यांनी मुकाट्याने नसेवरच्या एका गाठीचा ब्लॉक काढला. त्यात त्या पेशी खच्चून भरल्यात हे सगळ्या खोलीला माहीत होतं. त्याचा काप आणि नवा काप एकाच रॅकमध्ये घातले, रंगवले, चार बरण्यांतून काढले. मॅडमनी पाहिलं आणि बाईंना खूण केली. बाईंनी डोळा लावला. खच्चून भरलेल्या गाठीतही सगळं फिकट निळं, शांत, लख्ख. एकही नाही.

"असं कसं होईल?" बाई म्हणाल्या. "रंग जुना असेल. बाटली बदलते."

"बाटली नको बदलू या. परत करा, मी बघते."

मॅडम शेजारी उभ्या राहिल्या. चोवीस वर्षांत कुणी असं हातांकडे बघत उभं राहिलं नव्हतं. पहिली बरणी, दुसरी, तिसरी. बाईंचा हात चौथीकडे वळला.

"ही कशाला?"

"पाठ स्वच्छ होते काचेची."

"किती वेळ?"

"वीस मोजायचे."

मॅडमनी त्याच गाठीचा दुसरा काप रंगवायला सांगितला, पाण्यातून काढला, टिपकागदाने टिपला आणि पंख्याखाली धरून वाळवला. अल्कोहोलची एकही बरणी नाही. काच अशी गबाळी झाली होती की बाईंना बघवेना. कडेला रंगाचे ओघळ, मध्ये मळभ. "बघा आता," मॅडम म्हणाल्या.

बाईंनी पाहिलं. मळकट निळ्या पसाऱ्यात जागोजाग जांभळ्या, लालसर जांभळ्या पेशी होत्या. बारीक रक्तवाहिन्यांच्या कडेला चिकटून, दाण्यांनी पोट फुगलेल्या.

"आपल्या अंगात जिथेतिथे जो भराव असतो ना, कातडीखाली, नसांभोवती, सगळ्याला धरून ठेवणारा, त्यातली ही बाई," मॅडम सांगू लागल्या. त्यांना सांगायला आवडायचं. "नेहमीच्या गुलाबी रंगात ही शेजारणींसारखीच दिसते, ओळखूच येत नाही. ह्या निळ्यात मात्र हिच्या पोटातले दाणे जांभळे होतात. आणि तो जांभळा रंग भारी नाजूक. अल्कोहोलमध्ये जरा जास्त रेंगाळला की धुऊन जातो. पेशी तिथेच असते, आपल्याला दिसत नाही एवढंच."

"आणि ते दाणे कशासाठी?"

मॅडमनी मान वर केली. चोवीस वर्षांत बाईंनी हा प्रश्न कुणालाच विचारला नव्हता. त्यांना रंगांची नावं पाठ होती, मिनिटं पाठ होती. रंगलेली वस्तू काय करते हे सरांचं खातं.

"पहारेकरीण आहे ती. काही घुसलं की पोटातले दाणे उधळते, मग तिथे लाली येते, सूज येते, खाज सुटते. चार असतील तर ठीक. काही माणसांत मात्र त्या गर्दी करतात. मग निमित्त लागत नाही. गरम पाणी, राग, साधी दुखण्यावरची गोळी. सगळ्या एकदम उधळतात. माणूस लालबुंद होतो, पोट मुरडतं, रक्तदाब पडतो, आडवा होतो. कातडीवर डाग असतात, चोळले की फुगतात. आणि लोक म्हणतात, नाटकं करतो."

बाई दारापर्यंत गेल्या, परत आल्या आणि चौथी बरणी उचलून कारण नसताना सिंकमध्ये ओतू लागल्या. अति तिथे माती, हे त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं होतं.

त्या दिवशी घरी जाताना त्या बसमधून एक थांबा आधीच उतरल्या आणि चालत निघाल्या, कारण बसमध्ये उभं राहूनसुद्धा राहवेना. घरात शुक्रवारची तयारी चालली होती. धाकटीच्या पित्ताशयात खडे निघाले होते आणि शुक्रवारी ऑपरेशन ठरलं होतं. ती पिशवीत टॉवेल भरत होती. सासूबाई बाजूला बसून सूचना देत होत्या.

"भुलीच्या डॉक्टरांना सांगितलंस का, तुला चक्कर येते ते?" बाईंनी विचारलं.

धाकटीने मान खालीच ठेवली. "काय सांगू? रिपोर्ट नॉर्मल आहे ना."

आधी तो जुना तुकडा परत बघू तरी, बाईंनी मनाला समजावलं; उगाच घर कशाला हादरवा. पण ते समजावणं त्यांना स्वतःलाच पटलं नाही. त्या वर गेल्या, खाली आल्या, पाणी प्यायल्या, परत वर गेल्या. नवरा म्हणाला, "काय गं, मांजर हरवल्यासारखी फिरतेस?" त्या त्याच्यावर खेकसल्या आणि मग त्याचंही वाईट वाटून घेतलं.

बुधवारी खोलीचं कुलूप त्यांनीच उघडलं. जुने ब्लॉक नंबराप्रमाणे ड्रॉवरमध्ये होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हे. धाकटी सहा वर्षं दारोदार फिरत होती आणि तिच्या मांडीचा तुकडा दोन वर्षं बाईंच्या पाठीमागे, दोन हातांवर पडून होता. ब्लॉक हातात घेतला तेव्हा एक विचार मनात येऊन गेला, तोही लपवून चालणार नाही. यात काही निघू नये, असं त्यांना वाटलं. म्हणजे मग आपलं काही चुकलं नाही. जावेच्या जिवापेक्षा आपली काच आपल्याला प्यारी आहे, हे कळल्यावर त्यांना स्वतःची किळस आली. मायक्रोटोमचं चाक फिरवताना पहिले तीन काप फाटले. असं उमेदवारीच्या काळानंतर पहिल्यांदाच झालं.

कंट्रोल सोबत ठेवला. पाण्यातून काढलं, टिपलं, वाळवलं. काच कळकट झाली. बाईंनी डोळा लावला.

त्या मोजायला लागल्या. एका रक्तवाहिनीभोवती सतरा. पुढचीभोवती थव्याने, एकमेकींवर रेललेल्या. तिसरीशी मोजणं सोडून दिलं.

मॅडम आल्या तेव्हा बाईंनी काच त्यांच्या पुढ्यात सरकवली आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं. "ही माझी धाकटी जाऊ. दोन वर्षांपूर्वी हाच तुकडा मी धुऊन काढला. परवा तिचं ऑपरेशन आहे."

मॅडमनी काच पाहिली आणि लगेच फोन उचलला. सर्जनशी बोलल्या, भुलीच्या डॉक्टरांशी बोलल्या. कोणती औषधं चालणार नाहीत, आधी कोणती द्यायची, रक्ताची कोणती तपासणी करायची, हे स्पष्ट सांगितलं. ऑपरेशन तीन आठवडे पुढे गेलं. बाईंचा जीव भांड्यात पडला, पण तो तिथे फार वेळ टिकला नाही.

"नवा अहवाल मी लिहिते," मॅडम म्हणाल्या. मग जरा थांबून, आवाज उतरवून, "जुन्यावर सरांची सही आहे. तुमचं नाव कुठेच नाही. घरी किती सांगायचं ते तुम्ही ठरवा."

वाट किती सोपी होती! नव्या मॅडम आल्या, नवी तपासणी झाली, खरं ते निघालं. थोरलीने मनावर घेतलं म्हणून निघालं, असंही घर म्हणालं असतं. परतीच्या वाटेवर बाईंनी ते वाक्य तीन-चार तऱ्हांनी म्हणून पाहिलं. प्रत्येक तऱ्हा छान जमत होती, आणि म्हणूनच त्यांना घाम फुटला.

धाकटी मागच्या ओट्यावर कपडे वाळत घालत होती. बाईंनी तिच्या हातातली बादली खाली ठेवायला लावली आणि सगळं सांगितलं. पेशी, दाणे, चौथी बरणी, वीसच्या जागी मोजलेले चाळीस. "तू खरं सांगत होतीस. पुरावा मी माझ्या हाताने पुसला, आणि वर तोच कागद घरभर वाचला. चुकले मी."

धाकटी ऐकत होती. रडली नाही, चिडली नाही. ओल्या चादरीचं एक टोक ती नुसतंच पिळत राहिली, पाणी संपलं तरी.

"ताई, तुम्ही सगळे काय म्हणायचात त्याचं मला एवढं नाही वाटलं," ती शेवटी म्हणाली. "पण त्या रिपोर्टनंतर मी स्वतःवरच पाळत ठेवायला लागले. आत जाऊन कडी लावायचे, आरशात बघायचे आणि विचारायचे, खरंच होतंय की तू करतेयस? छाती फुटायला आलेली असायची, आणि मी आपली विचारतेय. दोन वर्षं."

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवायला पुढे केला. धाकटी बाजूला झाली.

"आत्ता नको. आत्ता मला तुमचा राग येतोय, आणि राग आला की काय होतं ते तुम्हाला आता माहितीये." ती थोडी हसली, मग हसू गेलं. "एक सांगा. ती चौथी बरणी किती वर्षं होती?"

"अकरा."

"मग माझ्यासारख्या किती?"

हा प्रश्न दोन दिवसांत बाईंना सुचलाच नव्हता. त्या आपल्या चुकीभोवती इतक्या गरगर फिरत होत्या की चुकीच्या पलीकडे कुणी उभं असेल हे त्यांना दिसलं नाही. 

"माहीत नाही," त्या म्हणाल्या.

"मग इथे काय करताय?" धाकटीने बादली उचलली.

रजिस्टरात अकरा वर्षांत तो खास रंग सत्तावीस जणांना लावला होता. मॅडमनी एकदाही "का?" विचारलं नाही, सगळे ब्लॉक काढा, म्हणाल्या. चार दिवस बाईंनी काप घेतले, टिपले, वाळवले. त्यांच्या टेबलावर आयुष्यात इतक्या गबाळ्या काचा कधी जमल्या नव्हत्या. सत्तावीसपैकी सहा काचांत जांभळ्या पेशींची गर्दी होती. त्यांतली एक धाकटीची. उरली पाच माणसं.

"फोन मी करते," मॅडम म्हणाल्या. "ते माझं काम आहे."

"औषधाचं तुम्ही सांगा. पहिलं मला बोलू दे," बाई म्हणाल्या.

पहिला नंबर नऊ वर्षांपूर्वीचा होता. बाई खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत चालत होत्या, फोनची वायर मागे ओढत. खूप वेळ वाजल्यावर एका बाईने उचलला. आवाज थकलेला, सावध. लख्खबाईंनी कुठून बोलतेय ते सांगितलं, तुकड्याचा नंबर सांगितला, तारीख सांगितली.

पलीकडून ती बाई म्हणाली, "आता काय राहिलंय? तुम्हीच सांगितलंत ना, मला काही झालेलं नाही म्हणून."

लख्खबाई चालायच्या थांबल्या. त्यांनी खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसल्या.

"हो," त्या म्हणाल्या. "मीच सांगितलं होतं."